ग आणि घ यांतला फरक चित्रात कुठे शोधायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिक शहर, भगूर, घोटी, कळवण आणि सटाणा इथल्या काही लोकांकडून शब्द वदवून मोबाइलवर रेकॉर्ड केले आणि आवाजाचं विश्लेषण करणाऱ्या प्राट या संगणक-प्रणालीत उघडले. क आणि ख लगेच ओळखू आले. ग आणि घ मात्र सारखेच दिसतात. चहातला च आणि चिवड्यातला च यांत काही फरक सापडत नाही. ट कशावरून ओळखायचा ते कळत नाही आणि ळ तर कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हेच समजत नाही. चूक रेकॉर्डिंगची, मोजण्याची की समजुतीची?

तिन्हींची थोडी थोडी आहे. आधी समजुतीचं बोलू, कारण ती दुरुस्त झाली की बाकीच्या चुका आपोआप दिसायला लागतात.

लिहिताना व्यंजन हे एक अक्षर असतं, म्हणून स्पेक्ट्रोग्रामवरही, म्हणजे काळ आडवा आणि वारंवारता उभी दाखवणाऱ्या आवाजाच्या चित्रावरही, त्याचा एक ठोकळा असेल असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात व्यंजन म्हणजे एकामागून एक घडणाऱ्या घटना. 'आता खार पाहा' या वाक्यातला ख घ्या. 'आता'मधल्या शेवटच्या आ-चे फॉर्मंट, म्हणजे स्वर ज्या वारंवारतांवर जोरात घुमतो त्यांच्या काळ्या पट्ट्या, आधी वळू लागतात, कारण जिभेचा मागचा भाग मऊ टाळूकडे निघालेला असतो. मग तोंड पूर्ण बंद होतं आणि चित्रात साधारण ७० ते १०० मिलिसेकंदांची पांढरी पोकळी दिसते. या काळात आत हवेचा दाब वाढतो. जीभ सुटते तेव्हा एक उभी बारीक रेघ उमटते, तो स्फोट. स्फोटानंतर घसा उघडाच असल्यामुळे ६० ते १०० मिलिसेकंद नुसता श्वास ऐकू येतो, तो महाप्राण. शेवटी स्वरतंतू कंप पावू लागतात आणि आ-चे फॉर्मंट ४०-५० मिलिसेकंदांत आपापल्या जागी येऊन बसतात. म्हणजे ख-चा काही भाग आधीच्या स्वरात असतो, काही पोकळीत आणि काही पुढच्या स्वरात. तुम्ही पोकळी आणि स्फोट एवढंच पाहत होता. ग-घ, ट-त, न-ण या जोड्यांचा खरा फरक शेजारच्या स्वरात आहे.

आता रेकॉर्डिंग. व्हॉट्सॅपवरचा आवाजी निरोप या कामाला चालत नाही. त्यात ध्वनी दाबून साठवलेला असतो आणि वरच्या वारंवारता कापल्या जातात. एमपी३ चीही तीच गत. अशी फाइल नंतर वेव्ह स्वरूपात बदलली तरी गेलेलं परत येत नाही. रेकॉर्डिंग पहिल्यापासूनच वेव्हमध्ये हवं: ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो. मोबाइल वापरायचाच असेल तर गोंगाट कमी करणारी आणि आवाजाची पातळी आपोआप बदलणारी सोय बंद करता येईल असं ॲप घ्या. ही सोय हळू आवाजालाच गोंगाट समजते, आणि तुम्हाला नेमका तोच हवा असतो: ग-च्या बंद तोंडातली गुणगुण, घ-चा श्वास, त-चा बारीकसा स्फोट. काही फोन १०० हर्ट्झच्या आसपासचं सगळं गाळून टाकतात. पुरुषाच्या आवाजाची मूळ वारंवारता, म्हणजे स्वरतंतू सेकंदाला जितक्या वेळा कंप पावतात ती, तिथेच असते, त्यामुळे घोष म्हणजे कंपासह म्हटलेलं व्यंजन चित्रात अघोष म्हणजे कंपाविना दिसतं.

माइक ओठांच्या कोपऱ्याशी, तीन-चार बोटांवर आणि थोडा तिरका ठेवा. थेट तोंडासमोर ठेवला तर फ, भ, थ यांचा झोत माइकवर आदळतो आणि स्फोटाच्या जागी भलामोठा खालचा 'धप्प' उमटतो. पातळी अशी ठेवा की सर्वांत मोठा आवाज उणे ६ ते उणे १२ डेसिबलांच्या दरम्यान राहील. लाटेची टोकं सपाट कापली गेली असतील तर तो नमुना टाकून द्या. तो दुरुस्त करता येत नाही.

जागा निवडतानाही कान उघडे ठेवायला हवेत. पंचवटीत देवळाजवळ घंटेचे सूर चित्रात आडव्या सरळ रेघांसारखे येतात आणि नवख्या डोळ्याला फॉर्मंट वाटतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांजवळ आणि खरं तर कुठल्याही घरात विजेची गुणगुण ५०, १००, १५० हर्ट्झवर बसते. ग-च्या आधीची घोषपट्टी म्हणजे खालची काळी रेघ हुबेहूब तशीच दिसते. म्हणून प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला पाच सेकंद शांतता घ्या. त्या शांततेतही ती रेघ असेल तर ती विजेची, बोलणाऱ्याची नव्हे. देवळाली कॅम्पच्या बाजूला तोफांचा सराव चालू असेल तर त्या दिवशी काम करूच नका. पंखा आणि फ्रिज बंद, गाद्या आणि कपड्यांचं कपाट असलेली छोटी खोली, सकाळची वेळ. एवढं जमलं तर स्टुडिओची गरज नाही.

शब्दांची यादी हा या कामाचा पाया आहे, आणि तुमच्या यादीत गडबड आहे ती इथेच. भगूर, घोटी, पेठ, निफाड ही नावं लोकांना ओळखीची असतात, उच्चार सहज होतो, ते चांगलंच. पण भगूरमधल्या भ-नंतर अ आहे आणि घोटीतल्या घ-नंतर ओ. व्यंजनाची तुलना करायची तर पुढचा स्वर एकच हवा, आणि तो आ असावा. मराठीत यासाठी तयार चौकड्या आहेत: कार, खार, गार, घार, तसंच पार, फार, बार, भार. दंत्यांसाठी ताप, थाप, धाप आणि जोडीला दाब. मूर्धन्यांसाठी टाळ, डाळ, ढाळ. गावांची नावं सोडू नका, ती दुसऱ्या फेरीत बोलीतले फरक टिपायला उपयोगी पडतील. निफाड तर फार कामाचं नाव आहे. आज बरेच जण फ दोन्ही ओठ मिटवून न म्हणता वरचे दात खालच्या ओठाला टेकवून म्हणतात. त्यात तोंड पूर्ण बंद होत नाही, म्हणून पोकळीही नाही आणि स्फोटही नाही, सलग घर्षण दिसतं. अशा नमुन्याचा महाप्राण मोजणं निरर्थक आहे. त्याची नोंद वेगळी करा.

शब्द एकटा वदवू नका. एकट्या 'खार'मध्ये तोंड कधी बंद झालं हे कळायला मार्गच नसतो, कारण शांतता आधीपासून आहेच. शब्द वाक्यात बसवा. बहुतेक जण 'आता घार म्हणा' असं वाक्य घेतात, आणि तिथेच फसतात. 'म्हणा'तला म्ह स्वतःच श्वासमिश्र आहे आणि त्याचा परिणाम मागच्या आवाजावर पडतो. त्यापेक्षा 'आता घार पाहा' घ्या. मागे आ आहे, पुढे प-ची स्वच्छ पोकळी आहे, दोन्हीकडच्या सीमा स्पष्ट मिळतात. प्रत्येक शब्द पाच वेळा, पण सलग नाही, चिठ्ठ्या पिसून. आणि दर पानाच्या शेवटी एक-दोन भरतीचे, म्हणजे मोजायचे नसलेले, शब्द टाका. यादी संपत आली की माणसाचा सूर खाली येतो आणि शेवटचा शब्द नेहमीपेक्षा लांबतो.

आता ग आणि घ. प्राटमध्ये तुम्ही व्हीओटी मोजला, म्हणजे स्फोटापासून स्वरतंतूंचा कंप सुरू होईपर्यंतचा काळ. क-साठी तो २० ते ४० मिलिसेकंद येतो, ख-साठी त्याच्या दुप्पट-तिप्पट. ओठ आणि दातांच्या व्यंजनांत तो कमी असतो, ट-मध्ये तर कित्येकदा शून्याच्या जवळ. ग-मध्ये कंप स्फोटाच्या आधीच सुरू झालेला असतो, म्हणून आकडा उणे येतो. घ-मध्येही तसंच. तुमचे आकडे एकमेकांत मिसळले त्यात तुमची चूक नाही. ली लिस्कर आणि आर्थर अब्रामसन या ध्वनिशास्त्रज्ञांनी १९६४ साली अकरा भाषांतल्या शब्दारंभीच्या स्फोटकांचा, म्हणजे क, ग यांसारख्या तोंड पूर्ण बंद करून सोडलेल्या व्यंजनांचा, हा काळ मोजला. त्या अकरांत मराठी आणि हिंदी होत्या. बाकीचे भेद या एका मापाने बऱ्यापैकी वेगळे झाले, पण या दोन भाषांतली घोष अल्पप्राण (ग) आणि घोष महाप्राण (घ) ही जोडी वेगळी झाली नाही. कारण सरळ आहे. हे माप कंप कधी सुरू झाला ते सांगतं. घ-चं वेगळेपण कंप कसा आहे यात आहे.

ग म्हणताना स्वरतंतू जवळ येऊन नीट मिटतात-उघडतात. घ म्हणताना ते कंप पावत असतात, पण मागच्या बाजूला फट राहते आणि तिच्यातून हवा निसटत राहते. घोष आणि श्वास दोन्ही एकाच वेळी. तैत्तिरीय प्रातिशाख्य या वेदोच्चाराचे नियम सांगणाऱ्या जुन्या ग्रंथात कंठ मिटला असता नाद, उघडला असता श्वास आणि मधल्या अवस्थेत हकार, अशी विभागणी केलेली आहे. स्वरतंतू डोळ्यांनी पाहण्याचं कुठलंही साधन नसताना निव्वळ कानाने आणि स्वतःच्या घशाकडे लक्ष देऊन केलेलं हे निरीक्षण आजच्या मापनाशी जुळतं. त्र्यंबकेश्वराच्या वेदपाठशाळांत घोकली जाणारी स्थान आणि प्रयत्न यांची भाषा म्हणून या विषयात आजही कामाला येते.

मोजायचं असं. स्फोट झाल्यानंतर स्वर सुरू होतो तिथून पुढचे ४० मिलिसेकंद निवडा आणि त्या तुकड्याचा वर्णपट, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती जोर आहे त्याचा आलेख, काढा. निवड न करता नुसता कर्सर ठेवून वर्णपट मागितलात तर प्राट स्पेक्ट्रोग्रामची छोटी खिडकी वापरतो आणि हार्मोनिक, म्हणजे मूळ वारंवारतेवर आणि तिच्या पटींवर उमटणारी शिखरं, एकमेकांत विरघळतात. ही चूक फार सर्रास होते. वर्णपटात डावीकडची पहिली दोन शिखरं पाहा. पुरुषाची मूळ वारंवारता १२० हर्ट्झ असेल तर पहिलं शिखर १२० वर, दुसरं २४० वर. पहिल्याच्या डेसिबलांतून दुसऱ्याचे वजा करा. ग-नंतर हा फरक लहान किंवा उणे येतो, घ-नंतर पहिलं शिखर ठळक उंचावतं. फटीमुळे लाट गोलसर होते, तिच्यातली वरची धार जाते, म्हणून असं होतं. मग तेच माप स्वराच्या मध्यावर घ्या. घार-मध्ये सुरुवातीचा आकडा मोठा आणि मध्यावरचा लहान, गार-मध्ये दोन्ही जवळजवळ सारखे, असं दिसलं तर काम झालं. माणसामाणसाचा आवाज मुळातच कमी-अधिक श्वासमिश्र असतो, म्हणून एका माणसाचा आकडा दुसऱ्याच्या शेजारी ठेवू नका. त्याच माणसाच्या त्याच शब्दातला उतार पाहा.

यासाठीच पुढचा स्वर आ हवा. आ-चा पहिला फॉर्मंट ७०० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे पहिल्या दोन हार्मोनिकांपासून दूर असतो. ई किंवा ऊ घेतलात तर तो ३०० जवळ उतरतो, दुसऱ्या हार्मोनिकला उगाच उचलतो आणि घ-सुद्धा ग-सारखा दिसू लागतो.

आणखी दोन खुणा ताडून पाहता येतात. घ-नंतर मूळ वारंवारता थोडी खालून सुरू होऊन वर चढते. आणि स्वराच्या सुरुवातीला २००० हर्ट्झच्या वर फॉर्मंटच्या काळ्या पट्ट्या फिक्या पडून मध्ये राखाडी धूळ दिसते. हीच धूळ म्ह, न्ह, ल्ह, व्ह यांत शोधा. न्हावी-तला न्ह म्हणजे न आणि ह असे दोन वेगळे तुकडे बहुधा मिळत नाहीत, श्वास न-च्या उत्तरार्धात आणि पुढच्या आ-त पसरलेला असतो.

एक अडचण हमखास येईल: कधीकधी ग-ची घोषपट्टी पोकळीच्या मध्येच विझलेली दिसेल. त्याला अघोष म्हणून टाकू नका. स्वरतंतू हलत राहायला खालून वर हवा वाहायला हवी. तोंड बंद असलं की ती हवा आत साठते, वरचा दाब खालच्या दाबाला गाठतो आणि कंप थांबतो. ब म्हणताना गाल फुगू शकतात, जागा मिळते. ग-मध्ये मागची पोकळी लहान आणि ताठ, म्हणून कंप लवकर विझतो. प्राट ज्या निळ्या उभ्या रेघांनी कंप दाखवतो, त्या मंद आवाजात गळतात. तिथे रेघांवर विसंबू नका, लाट मोठी करून पाहा. आणि शब्दाच्या शेवटी वाघ, दूध यांतला महाप्राण बोलण्यात अनेकदा गळून वाग, दूद असं होतं. पेठ गावाचं नाव पेट-सारखं ऐकू आलं तर ते तसंच नोंदवा. लेखनावरून महाप्राण गृहीत धरू नका.

आता उच्चाराचं स्थान. स्फोटाच्या रेघेचा वर्णपट काढलात तर ढोबळ ओळख मिळते: प-चा जोर खाली आणि विखुरलेला, त-चा वर, ४००० हर्ट्झच्या पुढेही, आणि क-चा मध्ये एका जागी एकवटलेला, पुढच्या स्वराच्या दुसऱ्या फॉर्मंटजवळ. क-मध्ये स्फोटाच्या दोन-तीन रेघा लागोपाठ येतात, कारण जिभेचा मागचा भाग जड असतो आणि टाळूवरून एका झटक्यात सुटत नाही. अशा वेळी मोजणी नेहमी पहिल्या रेघेपासून करायची. कधी पहिली, कधी शेवटची असं केलं तर वीस मिलिसेकंदांचा घोळ सहज होतो.

स्वराच्या वळणावरून स्थान कळतं, हे १९५५ साली डेलात्र, लिबरमन आणि कूपर या संशोधकांनी कृत्रिम ध्वनी वाजवून दाखवलं. ब-साठी दुसऱ्या फॉर्मंटचा रोख ७२० हर्ट्झकडे, ड-सारख्या इंग्रजी व्यंजनासाठी १८०० कडे, ग-साठी ३००० कडे. पण ते काम मूर्धन्य नसलेल्या भाषेवरचं. आपल्या ट-चं प्रकरण वेगळं आहे, आणि तुमचा ट हरवला तो यामुळेच.

ट म्हणताना जिभेचं टोक मागे वळून टाळूच्या चढावर टेकतं. मात्र टेकलेलं असतानाच ते पुढे सरकत येतं आणि सुटतं तेव्हा त-च्या बरंच जवळ असतं. म्हणून ट-ची खूण आधीच्या स्वराच्या शेवटी ठळक असते, पुढच्या स्वराच्या सुरुवातीला पुसट. तुम्ही टाळ-मधला ट-नंतरचा आ मोजत बसलात. वात आणि वाट वदवून घ्या. वाट-मधल्या आ-च्या शेवटच्या ३० मिलिसेकंदांत तिसरा फॉर्मंट झपकन खाली येऊन दुसऱ्याला भेटायला निघतो. वात-मध्ये तो आपल्या जागी राहतो. पात-पाट या जोडीत हेच दिसेल. शब्दारंभीच्या ट-साठी 'आता'चा शेवटचा आ हाच साक्षीदार, म्हणूनही शब्द वाक्यात हवा.

इथे प्राट स्वतः फसतो, ते लक्षात ठेवा. दुसरा आणि तिसरा फॉर्मंट अगदी जवळ आले की लाल ठिपके त्या दोघांना एकच समजतात आणि वरच्या चौथ्याला तिसरा म्हणून दाखवतात. आकडा अचानक १८०० वरून ३३०० वर उडी मारतो. अशी उडी दिसली की ठिपके बंद करून काळी पट्टी डोळ्यांनी पाहा. फॉर्मंटची कमाल मर्यादा पुरुषांसाठी ५००० आणि स्त्रियांसाठी ५५०० हर्ट्झ ठेवा. सगळ्यांना एकच ठेवली तर निम्मे आकडे चुकीचे येतील.

चहा आणि चिवडा. या दोन च-मधला फरक तुम्हाला दिसला नाही, कारण तो तुमच्या चित्राच्या बाहेर आहे. प्राट सुरुवातीला ० ते ५००० हर्ट्झ एवढंच दाखवतो. चहातला दंत्य च म्हणताना जिभेचं टोक दातांमागे टेकतं आणि सुटताना स-सारखं घर्षण होतं, त्याचा जोर बहुधा ५००० च्या वर. चिवड्यातला तालव्य च म्हणताना जिभेचं पातं टाळूकडे उचललेलं असतं, पुढे थोडी मोठी पोकळी राहते आणि घर्षणाचा जोर ३०००-४००० च्या आसपास एकवटतो. चित्राची मर्यादा १२००० करा, दोन्ही लगेच वेगळे होतील. फोनच्या संभाषणातून घेतलेला नमुना असेल तर मात्र आशा सोडा. साध्या फोनवर ३४०० हर्ट्झच्या पुढचं जवळजवळ काहीच पोचत नाही.

मोजमापासाठी घर्षणाचा मधला २० मिलिसेकंदांचा तुकडा घ्या आणि त्याचा गुरुत्वमध्य काढा, म्हणजे ऊर्जा सरासरीने कुठे बसली आहे ती वारंवारता. ज-साठी आधी १००० हर्ट्झच्या खालचं गाळून घ्या, नाहीतर घोषाची खालची ऊर्जा मध्याला खाली ओढते. चहा-चिवडा ही जोडी ओळखीसाठी ठीक, तुलनेसाठी नको, कारण पुढचे स्वर वेगळे. माझा-माझी यातही हीच अडचण. ई-च्या आधी दंत्य झ तालव्य होतो हे खरं, पण ई-मुळे ओठही पसरतात आणि आकडा तिकडूनही बदलतो. खरी जोडी जग आणि जग. 'आता जग पाहा' यात दुनिया, म्हणजे तालव्य ज. 'आता जग, पाहू' यात जिवंत राहा, म्हणजे दंत्य ज. अघोष जोडीसाठी चार आणि चारा. लेखन एकच असल्यामुळे वाचणारा गोंधळतो, म्हणून आधी अर्थ सांगा, मग वाचायला द्या. ओझर-मधल्या झ-सारख्या ठिकाणी, दोन स्वरांच्या मध्ये, पोकळी मुळीच नसेल आणि नुसतं घोष घर्षण असेल. ते अर्धस्फोटक, म्हणजे स्फोटाला जोडून घर्षण असलेलं व्यंजन, म्हणून मोजू नका.

स आणि श यांना हीच रीत लावा: स वर, श खाली. ष वेगळा मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका, बहुतेक मराठी बोलणारे तो श-सारखाच उच्चारतात.

ळ-साठी देवळाली हे नाव जणू मुद्दाम घडवलेलं आहे, एकाच शब्दात ळ आणि ल दोन्ही. ल-चा तुकडा सहज कापता येतो: दोन्ही बाजूंना तीव्रता एकदम पडते-चढते आणि मध्ये फिकट पण स्थिर फॉर्मंट असतात, तिसरा वरच राहतो. ळ-मध्ये जिभेचं टोक मागे वळून टाळूला चाटून पुढे पडतं, स्पर्श फार थोडा वेळ टिकतो आणि कधी पूर्ण होतच नाही. म्हणून सीमा पुसट. तिथे तीव्रतेची दरी शोधण्यापेक्षा तिसऱ्या फॉर्मंटचा सर्वांत खालचा बिंदू शोधा आणि तोच ळ-चा मध्य धरा. सीमा ठरवण्याचा हट्ट सोडला तरी चालेल, एक बिंदू पुरे. काल-काळ, वेल-वेळ, गाल-गाळ या जोड्यांत तिसऱ्या फॉर्मंटची उतरण वाट-सारखीच ळ-च्या आधी सुरू झालेली दिसेल.

सटाणा, कळवण, मालेगाव भागातल्या अहिराणी बोलणाऱ्यांकडून डोळा-ऐवजी डोया, काळा-ऐवजी काया ऐकू येईल. तो त्या भाषेचा स्वतःचा नियम आहे, त्याला चूक म्हणून खूण करू नका. चित्रातही तो स्वच्छ वेगळा दिसतो: ळ-मध्ये तिसरा फॉर्मंट खाली येतो, य-मध्ये तिसरा वरच राहतो आणि दुसरा २००० च्या पुढे चढतो. दोन्ही भाषा बोलणारा माणूस प्रमाण मराठी वाचताना या दोहोंच्या मधलं काही म्हणेल. त्याला ल किंवा ळ या खणात कोंबू नका, आकडे जसे आले तसे ठेवा. आणि यादी वाचून घेण्याबरोबर पाच मिनिटं गप्पाही रेकॉर्ड करा. वाचताना माणूस शाळेतला उच्चार काढतो.

न आणि ण यांच्याबाबत एवढंच: नाकातून येणारा मधला फिकट तुकडा दोघांचा जवळजवळ सारखा असतो. कोन-कोण, मन-मण, सन-सण यांत आधीच्या स्वराची शेपटी पाहा, तिथे ट-चाच नियम चालतो.

ध्वनीवरून काढलेला निष्कर्ष जिभेवर ताडून पाहायचा असेल तर एक जुनी, स्वस्त रीत आहे. औषधी सक्रिय कोळशाची पूड आणि ऑलिव्ह तेल समप्रमाणात कालवून मऊ ब्रशने जिभेच्या पुढच्या भागावर लावा. मग एकच शब्द म्हणायला सांगा, ज्यात जीभ वर टेकवणारं व्यंजन एकच आहे: पात, पाट, पाच, माळ. म्हणून झाल्यावर तोंड मिटायचं नाही, गिळायचं नाही. दंतवैद्याचा लांबट आरसा गरम पाण्यात बुडवून पुसून घ्या म्हणजे त्यावर वाफ धरणार नाही, आणि टाळूचा फोटो काढा. काळा डाग पडला तिथे जीभ टेकली. पात-चा डाग दातांमागे येतो, पाट-चा हिरडीच्या उंचवट्याच्या मागे. पाच-मधला च दंत्य आहे, म्हणून त्याचा डाग पुढेच येईल. दर शब्दानंतर चूळ भरून पुन्हा लेप लावायचा, त्यामुळे तासाभरात दहा-बाराच शब्द होतात. दम्याचा किंवा उलटीचा त्रास असलेल्यांना आणि लहान मुलांना यात घेऊ नका.

शेवटी खुणा करण्याबद्दल. प्राटच्या खूणपट्टीत तीन थर ठेवा: शब्द, ध्वनी आणि घटना. तिसऱ्या थरात पोकळीची सुरुवात, स्फोट, कंपाची सुरुवात आणि स्वराचा मध्य एवढे बिंदू. कंपाची सुरुवात म्हणजे लाट पहिल्यांदा नियमितपणे शून्यरेषा ओलांडून वर जाते ती जागा. हा नियम कागदावर लिहून समोर ठेवा, कारण तिसऱ्या दिवशी हात नकळत वेगळं करू लागतो. सगळं संपल्यावर पंधरा दिवसांनी दहा टक्के नमुने जुन्या खुणा न पाहता पुन्हा मोजा. स्फोट आणि कंप यांत दोन वेळच्या मोजणीचा फरक पाच मिलिसेकंदांच्या वर जात असेल तर नियम सैल आहे, तो घट्ट करा आणि सगळं पुन्हा मोजा.

आकडे मांडताना एका माणसाची पाच आवर्तनं म्हणजे पाच माणसं नव्हेत. सहा जणांकडून प्रत्येकी पाच वेळा घेतलेला 'घार' म्हणजे तीस नमुने, पण माणसं सहाच. आधी प्रत्येकाची सरासरी काढा, मग तुलना करा. स्त्री-पुरुषांचे फॉर्मंट एकत्र मिसळू नका. तुमच्याकडे आज जे मोबाइलवरचे नमुने आहेत त्यांतून क-ख-चा काळ बहुधा वाचवता येईल. ग-घ आणि दोन्ही च-साठी रेकॉर्डिंग पुन्हा करावं लागेल. सुरुवात घार आणि गार या दोनच शब्दांनी, एकाच माणसापासून करा. त्या दोघांचा उतार वेगळा आला की मगच पुढची यादी हातात घ्या.